आईच्या झोपेला चालेल अशी करवत

आमच्या मागच्या अंगणातलं झाड पडलं तेव्हा आई त्याच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर झोपलेली होती. आणि ते झाड काही गुपचूप पडलं नाही. आधी कण्हलं, मग कडाडलं, मग छपराची पन्हळ सोबत घेऊन असं काही आदळलं की मांडणीवरच्या ताटल्यांनी आपणहून टाळ्या वाजवल्या. मी, बाबा आणि आत्या स्वयंपाकघरात जागच्या जागी गोठलो. झाड गेलं खड्ड्यात, तिघांच्या मनात एकच प्रश्न होता: आई उठली का?

नव्हती उठली. खात्री करायला बाबा चवड्यांवर, श्वास रोखून तिच्या खोलीत शिरले, आणि ती ताडकन उठून बसली. काय झालं, म्हणाली. बाबांनी खुणेनं सांगितलं, काही नाही, झोप तू.

एवढी गोष्ट लक्षात ठेवा. आम्ही ठेवली नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आई नर्स आहे. मोठ्या हॉस्पिटलात, अपघात विभागात, कायमची रात्रपाळी. सकाळी येते, दुपारभर झोपते, संध्याकाळी पुन्हा जाते. त्यामुळे जगात दिवस असतो तेव्हा आमच्या घरात रात्र असते, आणि ती रात्र आम्ही जीव तोडून सांभाळतो. आमच्याकडे खुर्च्या मोजे घालतात आणि मी अनवाणी फिरते. दारावरची घंटा बाबांनी केव्हाच काढून टाकलीय. पोस्टमन खिडकीसमोर उभा राहून हात हलवतो. मिक्सर लावायचा तर तो रजईत गुंडाळून न्हाणीघरात न्यायचा. बाबांना शिंक आली की ते कपड्यांच्या कपाटात तोंड घालतात. कपाट उघडायला उशीर झाला तर शिंक गिळतात, आणि मग बराच वेळ कुणीतरी त्यांना वाईट बातमी सांगितल्यासारखे दिसतात. भांडणंसुद्धा आम्ही हातवाऱ्यांनी करतो. एकदा आत्यानं रागाच्या भरात एवढा मोठा हातवारा केला की काचेची बरणी फुटली. मग बरणी कुणामुळे फुटली यावर आम्ही उरलेली दुपार हातवाऱ्यांनी भांडलो.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती टेलिफोन ऑपरेटर होती, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे राहते. जन्मभर बोलण्याचा पगार घेतला आणि इथे येऊन मुकी झाले, असं ती सगळ्यांना सांगते. अर्थात आई कामावर गेल्यानंतर.

आणि मी. मला शाळेत भोंगा म्हणतात. आधी काहीच म्हणत नव्हते, कारण घरच्या सवयीनं मी वर्गातही कुजबुजायचे, आणि बाईंना माझं 'हजर' ऐकू न आल्यामुळे पहिल्या बाकावर बसून गैरहजर लागायचे. मग यंदाच्या क्रीडादिनाला खेळाच्या सरांचा घसा बसला आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या पहिल्या मुलीच्या हातात माईक कोंबला. ती मी. पहिलं वाक्य कसंबसं बाहेर पडलं. दुसऱ्या वाक्याला मैदानाबाहेरची कुत्री उठून उभी राहिली. तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक सामन्याचं धावतं वर्णन मीच करते, माईक असो नसो. आपल्या पोटात एवढा आवाज होता हे कळल्यावर माणसाला किती बरं वाटतं, काय सांगू. फक्त घरी आलं की तो परत पोटात ठेवावा लागतो, आणि तिथे तो नुसता ढुशा मारत राहतो.

तर झाड. वाळकंच होतं, कधीतरी पडणारच होतं, पण ते पडलं नेमकं घर आणि कुंपणाच्या मधल्या बोळात. बोळाच्या टोकाला शेड, आणि शेडमध्ये आईची स्कूटर. झालं, स्कूटर कैद. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी ती उचलून बुंध्यावरून पलीकडे न्यायचा प्रयत्न केला. अर्ध्यापर्यंत नेली. तिथे ती बुंध्यावर घोड्यावर बसल्यासारखी बसली, दोघं तिच्याकडे बघत बसले, आणि मग काकांना अचानक घरी काम आठवलं. शेवटी आम्ही तिघांनी ती ढकलत परत शेडच्या बाजूला उतरवली.

मग आई बसनं जायला लागली. एक बस नाही, दोन. म्हणजे सकाळी उशिरा येणं, संध्याकाळी लवकर निघणं, आणि मधली झोप दोन्हीकडून कातरलेली. थोड्याच दिवसांत ती अशी दिसायला लागली की तिच्या वॉर्डातल्या पेशंटांनी उठून तिला जागा द्यावी. एकदा तिनं टूथब्रशनं केस विंचरायला घेतले. एकदा मला 'नाव काय, वय काय' विचारलं. आणि एका सकाळी तर कहरच झाला. हॉस्पिटलातून निघाली, बसमध्ये झोपली, शेवटच्या थांब्यावर गेली, परतीच्या बसमध्ये पुन्हा झोपली आणि डोळे चोळत उतरली ती थेट हॉस्पिटलाच्या दारात. चौकीदारानं विचारलं, सिस्टर, आज लवकर?

हसलो आम्ही, पण बाबा नाही. तिच्या हातात सुया असतात, औषधं असतात. झोपेत चुकून एखादी बाटली बदलली तर, असं ते आत्याला म्हणाले, आणि तेव्हा आई घरी नसूनही ते कुजबुजले.

झाड कापायलाच हवं होतं. लाकूडतोड्याला फोन केला की तो 'उद्या येतो' म्हणायचा. आत्यानं फोनवरचा आवाज ऐकूनच निदान केलं, हा माणूस उद्या म्हणताना पाय लांब करून बसलेला असतो, हा यायचा नाही. मग बाबा म्हणाले, एक चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत आणू, मीच कापतो.

आईनं चहाचा कप खाली ठेवला. "अहो, 'एवढंच तर कापायचंय' म्हणालेल्या माणसांची बोटं मी डब्यात बर्फ घालून आणलेली बघितलीत. आपल्या घरातला डबा मला तिथे बघायचा नाही."

हे तिचं म्हणणं अगदी हवेतलं नव्हतं. बाबांनी मागे एकदा भिंतीला फोटो लावायला ड्रिल मशीन आणलं होतं. भोक पडलं. ते भिंतीतून पलीकडे गेलं, पलीकडच्या कपाटाच्या पाठीतून आत शिरलं, आणि आत्याच्या घडी घालून ठेवलेल्या पाच शाली एका रेषेत आरपार झाल्या. आत्या अजून थंडीत शाल पांघरली की ते भोक बरोबर बाबांच्या समोर येईल असं बसते.

म्हणजे बघा: आई जागी असताना कापायचं तर आई कापू देणार नाही, आई झोपलेली असताना कापायचं तर आवाजानं आई उठणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आडवं झाड. पण बाबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, याचा अर्थ आपल्याला फक्त एकच गोष्ट बघायचीय. सगळ्यात कमी आवाजाची करवत.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर भिंगं चढवून विचारत असतात: हे बरं दिसतं, की हे? आता परत बघा. हे, की हे? त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते अशीच निवडतात. एका वेळी दोनच, मग त्यातली हरलेली बाजूला, जिंकलेलीसमोर नवी. आमचे पडदे असे निवडले गेले, माझं दप्तर असं निवडलं गेलं. टूथपेस्ट निवडताना तर ते डोळे मिटून दात घासत होते.

हत्यारांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकान चालवणारी ताई धडाधड बोलणारी होती, बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. शिवाय दाराशी आरामखुर्चीत तिचे सासरे झोपले होते, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. ताईनं शहाण्या माणसासारखं विचारायला सुरुवात केली: काय कापायचंय, बुंधा किती जाड, वर्षातून किती वेळा लागेल, चालवणार कोण. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज किती?"

ती म्हणाली, दादा, करवत आहे, बासरी नाही.

तरी तिनं समजावलं. पेट्रोलवरची दमदार, रानात न्यायची, पण जड, दोरी ओढून चालू करायची, पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळायचं, आणि आवाज विचारू नका. वायरवाली हलकी, पण वायर पुरेल तिथपर्यंतच तुमचं राज्य, आणि वायर पायात येणार नाही हे बघायचं. बॅटरीवाली घरच्या कामाला बरी, बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद, फक्त बॅटरी संपली की बसून राहायचं. वर्षातून एकदोनदा अंगणात काही पडलं तर कापणाऱ्या माणसानं रानातलं यंत्र नेऊ नये, नाकापेक्षा मोती जड होतो. मग तिनं पुन्हा विचारलं, बुंधा किती जाड? बाबांनी मोठ्या अभिमानानं सुतळी काढली. त्यांनी झाडाला मिठी मारून घेर मोजला होता. ताईला हवी होती जाडी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा मी म्हटलं, घेराला तीननं भागा आणि किंचित कमी करा. हे मी माझ्या नव्या आवाजात म्हटलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकंसुद्धा भागायला लागली. ताईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं, करवतीची पट्टी बुंध्याच्या जाडीपेक्षा चार बोटं लांब हवी, फार लांबही नको, लांब पट्टी नवख्याच्या हातात हिसका मारते.

मग बाबांची तपासणी सुरू झाली. दुकानाच्या मागच्या अंगणात चाचणीचा ओंडका होता. बाबा दाराशी, डोळे मिटून. ताईनं पेट्रोलवाली चालू केली. छपरावरची कबुतरं गाव सोडून गेली. मग वायरवाली. "ही, की ही?" बाबा स्वतःलाच विचारत होते. "परत एकदा. पहिली... की दुसरी?" ताईनं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण डोळे मिटून करवत ऐकणारं हे पहिलंच असावं. आत्यानंही आपलं मत दिलं, की वायरवालीचा आवाज लहान असला तरी किनरा आहे, आणि किनरा आवाज भिंतीतून जातो. एक्स्चेंजमध्ये दोनशे किलोमीटरवरची किनरी बाई शेजारच्या टेबलावर ऐकू यायची.

एवढ्यात बाबांचे डोळे उघडले आणि त्यांना सासरेबुवा दिसले. झोपलेले. दोन करवती होऊन गेल्या तरी झोपलेले.

बाबा हरखलेच. हा तर जिवंत मीटर होता! ज्या करवतीला हे आजोबा उठणार नाहीत ती घ्यायची, एवढं सोपं. पेट्रोलवाली परत लावायला सांगितली. आजोबा ढिम्म. वायरवाली. आजोबांनी कूस बदलली, पण ती सुखानं. बॅटरीवाली. घोरणं. बाबा गोंधळले. सगळ्यांना पास करणारा परीक्षक काय कामाचा? तेवढ्यात ताई माझ्याजवळ वाकून अगदी हळू म्हणाली, दमलीस ना, चहा घेशील का थोडा?

"मला अर्धा कप," आरामखुर्चीतून आवाज आला.

ताई म्हणाली, आवाजानं नाही उठत हो ते. ज्याच्यावर कान असतो त्यानं उठतात. आम्ही खूप हसलो, चहा प्यायलो, आणि बाबांनी निष्कर्ष काढला की मीटर बिघडलेला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कळसा नुसता काखेत नव्हता, आमच्याशी बोलला होता.

शेवटी बॅटरीवाली ठरली, तिची मधल्या लांबीची पट्टी ठरली. पण ताई म्हणाली, मी करवत एकटी विकत नाही, तिच्याबरोबर माणूस शाबूत ठेवायचं सामानही न्यायचं. चेहऱ्यावर जाळी असलेलं शिरस्त्राण, कानांवर लावायचे जाडजूड टोपे, हातमोजे, आणि पायांवर बांधायची जाड आवरणं, साखळी लागलीच तर तिच्या दोऱ्यांत अडकून थांबणारी. मग तिनं बाबांना ओंडक्यापुढे उभं केलं. पाय फाकून, दोन्ही हात मुठींवर, टोकानं कापायचं नाही, खांद्याच्या वर न्यायची नाही, पुढचा ब्रेक असा लावायचा, साखळी थांबेपर्यंत हलायचं नाही, मुलीला दहा पावलं लांब. बाबांनी एक चकती कापली. सरळ! आत्यानं ती उचलून बघितली आणि म्हणाली, या ताईनं तुला ड्रिल विकलं असतं तर माझ्या शाली वाचल्या असत्या.

करवत आम्ही आत्याच्या पलंगाखाली लपवली. पुढच्या आठवड्यात बाबांनी एक दिवस रजा टाकली, मला शाळेला सुट्टी होती, आणि आई सकाळी येऊन, अर्धवट जेवून, खोलीत जाऊन पडली.

बाबांचा बेत भलताच सूक्ष्म होता. ते म्हणाले, आवाजांची बेरीज होते. आपण घरातले बाकीचे सगळे आवाज काढून घेतले तर करवतीला तेवढी जागा होईल. हे मला तेव्हा फार शास्त्रीय वाटलं. आम्ही फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली घातलं. न्हाणीघरातला नळ ठिबकतो, त्याला मी दोरा बांधला, म्हणजे थेंब टपकन न पडता दोऱ्यावरून निमूट घसरतो. मग घरातल्या उरलेल्या सगळ्या गाद्या, रजया, आणि आत्याच्या पाच भोकाच्या शाली आईच्या खिडकीवर बाहेरून टांगल्या. रस्ता ऐकू येईना. शेजारचा रेडिओ ऐकू येईना. मला माझ्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

बाबा बुंध्यापाशी गेले. शिरस्त्राण, जाळी, टोपे, हातमोजे, पायांवर आवरणं. चालताना ते एखाद्या खूप घाबरलेल्या कपाटासारखे दिसत होते. खालून ओंडके लावून बुंधा टेकवलेला होता. त्यांनी पाय फाकले, दोन्ही मुठी धरल्या, आमच्याकडे बघून मान हलवली. बटण अजून दाबलंही नव्हतं.

मागचं दार धाडकन उघडलं. आई दारात उभी, केस मोकळे, एका पायात चप्पल.

"कोण गेलं?" ती म्हणाली.

तिनं माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, जणू मोजत होती. मग तिची नजर बाबांवर स्थिरावली. बाबांनी जाळी वर केली, टोपे मागे सरकवले आणि सवयीनं कुजबुजत सांगितलं की त्याचं असं आहे, हा चेनसॉ सगळ्यात कमी आवाजाचा आहे, निवडून आणलाय.

"कुजबुजू नका हो," आई म्हणाली आणि पायरीवरच बसली. "माझ्याकडे वॉर्डात नातेवाईक कुजबुजायला लागले की मला कळतं, काहीतरी झालंय."

मग तिनं सांगितलं ते आम्ही तिघं उभ्या उभ्या ऐकत होतो. रात्रभर तिच्या आजूबाजूला यंत्रं बीप-बीप करत असतात. आवाज चालू आहे म्हणजे माणूस चालू आहे. ती कागद लिहिते, सुई भरते, कुणाशी बोलते, पण कान तिकडे असतो, आणि कुठलाही आवाज थांबला की पाय आपोआप पळायला लागतात. आता हे कान काही सकाळी डब्यात काढून ठेवता येत नाहीत. घरी येऊन पडलं की सगळं चिडीचूप, आणि तिला वाटत राहतं, काय थांबलं? डोळा लागतो, दचकून उघडतो. पलीकडून चवड्यांवरची पावलं ऐकू येतात, खुसफुस ऐकू येते, आणि वाटतं, मला न सांगता काय चाललंय. इतकी वर्षं ती समजत होती की आपली झोपच तेवढी. बसनं जायला लागल्यावर तिला कळलं. खडखडणारी खिडकी, इंजिन, कंडक्टरची घंटा, बाजूला दोन बायकांचं भांडण, आणि ती अशी झोपली की थांबा उलटून गेला. दोनदा.

आत्यानं विचारलं, मग बोलली का नाहीस बाई?

"खुर्च्यांना मोजे घालणाऱ्या माणसांना काय सांगायचं असतं, वन्सं?" आई म्हणाली.

बाबांचा चेहरा जाळीखालून वर आलेला, घामेजलेला, आणि एवढासा झाला होता. मला वाटलं ते आता करवत ठेवून आत जातील. शिंक गिळल्यासारखे दिसत होते. आईनंही ते बघितलं असणार, कारण ती उठली आणि त्यांच्याभोवती एक फेरी मारली. हातमोजे ओढून बघितले. पायांवरचे बंद दाबून बघितले, पेशंटला पट्टी घट्ट झाली का बघतात तशी. ब्रेक कुठे आहे विचारला, दाखवायला लावला, दोनदा. मग म्हणाली, हात पुढे करा. एक हातमोजा काढून पाच मोजली, दुसरा काढून पाच मोजली.

"दहा. संपल्यावर परत मोजणार," ती म्हणाली, आणि आतून मोजेवाली खुर्ची आणून भिंतीला टेकून बसली. झोपायला नाही, नजर ठेवायला. तसं तिनं बजावून सांगितलं.

बाबांनी हातमोजे, टोपे, जाळी सगळं परत चढवलं आणि बटण दाबलं.

आता ऐका. करवत चिरकली, साखळी लाकडात शिरली, भुसा कारंज्यासारखा उडाला. मी दहा पावलांवरून आईकडे बघितलं तर तिची मान कलंडलेली होती. तोंड उघडं. नजर ठेवणारी बाई अशी झोपली होती जशी मी तिला जन्मात झोपलेली पाहिली नव्हती, हात पसरून, जगावर सगळा भार टाकून. पहिली चकती धपकन पडली. आई हलली नाही. दुसरी पडली. आत्यानं तोंडावर पदर धरला आणि मग आठवलं म्हणून काढून टाकला.

तिसरा काप अर्ध्यात होता. करवतीचा आवाज खाली आला, आणखी खाली आला, आणि बंद. बॅटरी संपली.

अंगण गप्प झालं. आईच्या पापणीची कड हलली. मी ती हललेली बघितली. भुवई वर सरकली, एक पाय चप्पल शोधायला लागला. बाबा करवत ठेवून टोपे काढून सवयीनं चवड्यांवर तिच्याकडे यायला लागले. म्हणजे अगदी तीच चूक, परत. मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. मी तोंड उघडलं.

"आणि मैदानावर या क्षणी शांतता, मंडळी, पण ही शांतता फसवी आहे! बुंधा अर्धा कापलेला, बॅटरी संपलेली, आणि आपले खेळाडू चवड्यांवर धावत चुकीच्या दिशेनं निघालेत! आत्याबाई आत धावल्यात, दुसरी बॅटरी कुठे आहे? पलंगाखाली आहे! आत्याबाई पलंगाखाली शिरल्यात, आत्याबाई अडकल्यात..."

पूर्ण आवाजात. पोटातला सगळा. शेजारच्या काकांनी भिंतीवरून डोकं काढलं, मी त्यांचंही वर्णन करून टाकलं. आईचा पाय थांबला. भुवई खाली आली.

बाबा तिच्या खुर्चीपाशी पोचले होते. त्यांनी मला हातानं थांबवलं. मी गप्प झाले, आणि सगळं परत चिडीचूप झालं. मग त्यांनी मला परत सुरू कर म्हणून खूण केली, मी सुरू केलं. ते तिच्या कानाशी वाकले आणि दुकानातल्या अंधाऱ्या खोलीतल्या आवाजात म्हणाले, "हे? की हे?"

आईनं डोळे उघडले नाहीत. "दुसरं," ती म्हणाली. "बोलू दे तिला."

मग काय, बोलले. आत्या बॅटरी घेऊन बाहेर आली, केसांत जाळी-जळमटं, आणि करवत पुन्हा सुरू झाली तेव्हा मी दम घेतला. शेवटचा तुकडा पडला. स्कूटर मोकळी झाली. पण करवत बंद झाली म्हणजे पुन्हा माझी पाळी. माझा घसा बसायला आला तेव्हा आत्यानं सूत्रं हाती घेतली आणि तिच्या नोकरीतल्या आवाजात, गोड, न थकता, कुणालाही न जोडलेले नंबर जोडत बसली. तिचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, हिलाच कुणीतरी इतक्या वर्षांनी लाईन दिलीय. बाबा भुशानं माखलेले पायरीवर बसून ऐकत होते. खिडकीवर टांगलेल्या शाली वाऱ्यावर हलत होत्या, पाच भोकांतून ऊन पडत होतं.

संध्याकाळी आई आपणहून जागी झाली. आळस दिला, जसा मांजर देतं. मग तिनं बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक बोट धरून मोजलं. दहा झाल्यावर परत पहिल्यापासून मोजायला लागली, उगीचच. मग तोंड धुऊन, गणवेश चढवून, ती स्कूटरवरून गेली. बस गाठायची नव्हती, म्हणून आमच्याबरोबर चहा पिऊन गेली.

खुर्च्यांचे मोजे आम्ही त्याच आठवड्यात काढले. आता दुपारी आईच्या दाराशी कुणीतरी बडबडायचं असतं, आणि शाळा नसेल तेव्हा ते काम माझं. मी माझा अख्खा इतिहास तिथे बसून पाठ केलाय, धावतं वर्णन करत. सगळी युद्धं आईनं झोपेत जिंकली. बाईंनी विचारलं, एवढे मार्क कसे वाढले, तर मी म्हटलं, घरी झाड पडलं.

फक्त बाबांची पंचाईत झालीय. त्यांना रविवारी दुपारी झोपायची सवय आहे, आणि ती शांततेत लागली होती. आता ते पलंगावर आडवे होतात, करवतीबरोबर आलेले ते जाडजूड टोपे कानांवर चढवतात, आणि जगातल्या सगळ्या आवाजांना मुकून गाढ झोपतात. त्यांना उठवायचं तर हात लावूनच उठवावं लागतं. आत्या म्हणते, ती करवत निवडली आईच्या झोपेला, पण कायमची लागू पडली बाबांच्या झोपेला.